एन्थाल्पी आणि अ‍ॅबसॉर्बन्सची गणितं: या चुका टाळा

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची मुलं जर्नल घेऊन दांडिया बाजारात आमच्या घरी येतात, तेव्हा मी पायऱ्या बघत नाही, आधी शेवटचा आकडा बघते. कुठे घसरलंय ते बहुतेक वेळा त्यावरूनच कळतं.

सगळ्यात छळणारी चूक 273 ची, म्हणजे सेल्सिअसचं केल्विन करताना मिळवायच्या आकड्याची. प्रयोग उदासीनीकरणाच्या एन्थाल्पीचा, म्हणजे आम्ल आणि आम्लारी मिसळल्यावर मोलमागे किती उष्णता बाहेर पडते ते काढायचा: हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड, दोन्ही 1 मोलार (लिटरला 1 मोल), 50-50 मिली, थर्मोकोलच्या कपात. तापमान 27.0 वरून 33.8 वर गेलं, फरक 6.8 अंश. इथवर ठीक. मग एका चांगल्या हुशार मुलानं त्या फरकात 273 मिळवले, ‘केल्विन लागतं ना, मॅडम!’ उत्तर आलं मोलला 2340 किलोजूल. ‘बाळा, हे जरा जास्त नाही वाटत?’ म्हटलं, तर म्हणतो, ‘कॅल्क्युलेटरवर पुन्हा केलं, हेच येतं.’ एक मोल प्रोपेन जाळला तर साधारण 2220 किलोजूल मिळतात. म्हणजे याच्या थर्मोकोलच्या कपानं प्रोपेनला मागं टाकलं, आणि कप मात्र शाबूत! अरे, 306.8 उणे 300.0 केले तरी 6.8च येणार. फरकाला 273 चिकटवायचे नसतात.

नीट केलं तर 100 ग्रॅम × 4.18 (पाण्याची विशिष्ट उष्णता) × 6.8 अंश म्हणजे 2842 जूल, भागिले 50 मिली आम्लातले 0.05 मोल, म्हणजे 56.8 किलोजूल. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारीचं उत्तर 57 च्या आसपास यायला हवं, हे मी मुलांना वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावते. तुमचं 28.4 आलं, तर वस्तुमान फक्त आम्लाचं धरलंय किंवा दोघांचे मोल बेरीज करून 0.1 घेतलेत. 14.2 आलं तर दोन्ही पराक्रम केलेत.

तापमान वाढलं की ΔH, म्हणजे एन्थाल्पीतला बदल, उणे. यावर आणखी बोलायची माझी इच्छा नाही.

खिडकीतली बाटली आणि कपाटातली बाटली एकाच तापमानाला असतात, असं बडोद्याच्या एप्रिलमध्ये तरी समजू नका. एक अंशाचा फरक असताना एकाच बाटलीचं तापमान सुरुवातीचं म्हणून धरलं, तर अर्ध्या अंशाची चूक आत शिरते, आणि 6.8 मध्ये अर्धा म्हणजे सात टक्के. मी दोन्ही बाटल्या एकाच पाण्याच्या टबात ठेवते आणि तरीही दोन्हींचं तापमान घेते. मिसळल्यावर दर अर्ध्या मिनिटाला वाचन घेऊन आलेख काढायचा, रेष मिसळण्याच्या क्षणापर्यंत मागं न्यायची. पण एवढा वेळ कोण थांबतो? सर्वांत मोठा आकडा लिहिला, ‘चालशे’ म्हटलं, निघाले कँटीनला.

आता कलरिमीटर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं (अ‍ॅबसॉर्बन्स) ते मोजणारं यंत्र. द्रावण निळं, म्हणून फिल्टर निळा! दर वर्षी कुणीतरी कॉपर सल्फेटला निळा फिल्टर लावतंच, वाचन जवळजवळ शून्य येतं, आणि मग ‘मशीन बिघडलंय’. द्रावण निळं दिसतं कारण ते निळा प्रकाश जाऊ देतं. खातं ते लाल. तेव्हा फिल्टर लाल लावायचा. जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटला हिरवा, 525 नॅनोमीटरच्या आसपासचा.

पर्सेंट ट्रान्समिटन्सचा, म्हणजे शेकडा किती प्रकाश पार गेला त्याचा, सरळ लॉग घेणं ही त्या चुकीची धाकटी बहीण. 25 टक्के असेल तर log 25 म्हणजे 1.398, सूत्रानुसार त्यापुढे उणे चिन्ह येतं, आणि ‘अ‍ॅबसॉर्बन्स उणे कसा असेल’ म्हणून मुलं ते गुपचूप खोडतात. खोडरबरानं रसायनशास्त्र होत नाही. शंभराचा लॉग 2, म्हणून अ‍ॅबसॉर्बन्स 2 उणे 1.398, म्हणजे 0.602.

अ‍ॅबसॉर्बन्स 2 आला म्हणजे फक्त एक टक्का प्रकाश पार गेलाय. अशा वाचनावर मी विश्वास ठेवत नाही, द्रावण पातळ करून 0.2 ते 0.8 मध्ये आणते. ब्लँक (रंगद्रव्य नसलेला नुसता द्रावक) त्याच क्युवेटमध्ये, म्हणजे द्रावण ठेवायच्या छोट्या पारदर्शक कुपीत घ्या. क्युवेट खरबरीत बाजूनं धरा, चकचकीत बाजूला भज्यांचा हात नको.

आणि पातळ केलं असेल तर उत्तराला गुणायला विसरू नका. 5 मिलीचे 50 केले, त्यातले 5 घेऊन पुन्हा 50 केले, तर मूळ द्रावण 100 पट तीव्र होतं, 20 पट नव्हे.