ब्लोअरचा करंट उतरला म्हणून खूश होऊ नका: फिल्टर आणि पॉवर पॅनेलच्या देखभालीत या चुका टाळा

धूळ ओढणाऱ्या ब्लोअरचा करंट हळूहळू उतरू लागला, तर लॉगबुकातला तो आकडा कुणाला खुपत नाही. मोटर गार चालते, वीज कमी जाते, मग तक्रार कशाची? पण सेंट्रिफ्यूगल पंख्याचा हिशेब उलटा असतो. फिल्टर चोक झाला की हवा कमी वाहते, आणि हवा कमी वाहिली की मोटरवरचा भार हलका होतो. त्यामुळे करंट उतरला की आधी फिल्टर, मग डॅम्पर (हवा कमी-जास्त करणारी झडप) आणि बेल्ट बघावा.

याचीच दुसरी बाजू फिल्टरच्या कापडी बॅगा बदलल्यावर दिसते. नव्या बॅगांतून हवा सहज जाते, डॅम्पर जुन्याच खुणेवर उघडा असतो, आणि सरळ पात्यांचा पंखा असेल तर मोटर ओव्हरलोडवर ट्रिप होते. मग कुणीतरी येऊन ओव्हरलोड रिलेचं, म्हणजे जादा करंट आला की मोटर बंद करणाऱ्या उपकरणाचं, सेटिंग वाढवून जातं. माझ्या मते या यादीतली ही सगळ्यांत वाईट चूक. रिले आपलं काम करत होता. सेटिंग वाढवलं की पुढच्या वेळी वाइंडिंग जळेल. ब्लोअर डॅम्पर बंद ठेवून सुरू करा आणि ठरलेली हवा मिळेपर्यंतच तो उघडा. कोऱ्या कापडावर धुळीचा थर बसण्याआधी जोरात हवा ओढली, तर बारीक कण धाग्यांत खोल रुततात आणि बॅगा कायमच्या तुंबतात.

प्रेशर वाढलं की पल्सिंग वाढवणं

बॅग फिल्टरमध्ये कापडापेक्षा त्यावरचा धुळीचा थर जास्त काम करतो. पल्स जेटने, म्हणजे दाबाच्या हवेच्या झटक्यांनी, तो सतत झटकत राहिलं तर बारीक धूळ आरपार जाते आणि बॅग आतल्या तारेच्या पिंजऱ्यावर आपटून झिजते. म्हणून हे पल्सिंग घड्याळावर लावण्यापेक्षा डिफरन्शियल प्रेशरवर (बॅगांच्या दोन बाजूंच्या दाबातल्या फरकावर) लावलेलं बरं: वरच्या आकड्याला सुरू, खालच्या आकड्याला बंद.

टायमरला हात लावण्याआधी तीन गोष्टी बघा. पल्ससाठी हवा साठवणाऱ्या हेडर टाकीचा ड्रेन उघडा. पाणी किंवा तेल आलं तर बॅगांवर धुळीचा चिखल झालेला असणार. प्रत्येक पल्स व्हॉल्व्हचा आवाज ऐका. खणखणीत ठोका पडण्याऐवजी नुसती फुसफुस आली तर व्हॉल्व्हमधला डायफ्राम (लवचीक पडदा) फाटलाय. आणि हॉपर, म्हणजे खाली धूळ जमा होते ते नरसाळं, रिकामा आहे ना? अनेक ठिकाणी तो गोदामासारखा वापरतात. मग खाली पडलेली धूळ पुन्हा उडून बॅगांवरच बसते. डिफरन्शियल प्रेशरच्या गेजचा काटा दिवसेंदिवस एकाच जागी असेल, तर त्याच्या बारीक नळ्या तुंबल्यात असं समजा. प्रेशर अचानक घसरलं तर आनंद नको, एखादी बॅग फाटली असेल.

इंजिनाच्या एअर फिल्टरला हवा मारणं

जनरेटरच्या एअर फिल्टरचं नुकसान दुर्लक्षाने होतं त्याहून जास्त काळजीने होतं. दर आठवड्याला एलिमेंट (आतली कागदी गाळणी) बाहेर काढायचं, झटकायचं, कॉम्प्रेसरची हवा मारायची, पुन्हा बसवायचं. कॉम्प्रेसरच्या लाइनला साधारण 7 बार प्रेशर असतं. त्याने कागदाची छिद्रं मोठी होतात, आणि ती आतून टॉर्च लावूनही दिसत नाहीत. शिवाय प्रत्येक वेळी हाउसिंग उघडलं की थोडी धूळ स्वच्छ बाजूला पडते आणि थेट सिलेंडरमध्ये जाते. थोडं मळलेलं एलिमेंट कोऱ्यापेक्षा बारीक धूळ अडवतं, हे अनेकांना पटत नाही, पण खरं आहे.

रंग बघून नव्हे, रिस्ट्रिक्शन इंडिकेटर (हवेला किती अडथळा होतोय ते दाखवणारा) बघून बदला. बऱ्याच मोठ्या डिझेल इंजिनांना पाण्याच्या 25 इंचांची, म्हणजे सुमारे 6.2 किलोपास्कलची मर्यादा असते. तुमच्या मॅन्युअलमधला आकडा शेवटचा. आतलं सेफ्टी एलिमेंट साफ करायचंच नाही, बदलायचं. फिल्टर नवा असूनही ऑइलच्या तपासणीत सिलिकॉन आणि लोह दोन्ही वाढलेलं दिसलं, तर फिल्टर ते टर्बो यांमधला रबरी होज आणि त्याचे क्लॅम्प तपासा. तिथली भेग महागड्या एलिमेंटला निकामी करते.

पॅनेलचं दार उघडं ठेवणं

पॅनेलमधला ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) गरम होऊन ट्रिप झाला की दार उघडून समोर पंखा लावायचा, हा उपाय तासाभरासाठी ठीक. नंतर तीच धूळ हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) आणि कार्डांवर बसते, दमट हवेत ती वीज वाहू लागते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान 10 अंशांनी वाढलं की ढोबळमानाने निम्मं होतं, म्हणजे आजची ट्रिप टळली तरी नुकसान चालूच. पॅनेलचा पंखा शक्यतो हवा फिल्टरमधून आत ढकलणारा असावा. बाहेर ओढणारा असला तर केबल ग्लँडच्या (केबल आत येते त्या जागेच्या) फटींतून विनागाळणीची हवा येते. बाहेर पडणाऱ्या बाजूची जाळीही साफ करा, ती नेहमी विसरली जाते.

सैल जोड शोधायला थर्मल कॅमेरा उत्तम, पण लोड असतानाच. जोडातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. निम्म्या लोडवर ती चौथाईच राहते आणि चित्र निर्दोष दिसतं. तिन्ही फेज एकमेकांशी ताडून बघा. पान्याने दर शटडाउनला सगळे बोल्ट आणखी आवळणं बंद करा. ठरलेल्या जोरानेच आवळणारा टॉर्क रेंच वापरा.

रिकामा जनरेटर चालवणं

दर आठवड्याला दहा मिनिटं बिनलोडचं चालवणं ही चाचणी नव्हे. इंजिन पुरेसं तापत नाही, न जळालेलं डिझेल आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साठते. आणीबाणीच्या जनरेटरसाठीचं एनएफपीए 110 हे अमेरिकन मानक महिन्यातून 30 मिनिटं, नेमप्लेटच्या किमान 30 टक्के लोडवर चालवायला सांगतं. पुरेसा लोड नसेल तर लोड बँक (कृत्रिम लोड देणारं यंत्र) जोडा.

स्टार्टिंग बॅटरीचं व्होल्टेज चार्जर चालू असताना मोजू नका, तेव्हा मरायला टेकलेली बॅटरीही ठणठणीत दिसते. क्रँकिंगच्या वेळी, म्हणजे स्टार्टर इंजिन फिरवत असताना, व्होल्टेज किती खाली जातं ते बघा.