घरच्या ऑटोमेशनच्या सूचना सिग्नलवर सुरक्षित कशा मागवाव्यात

मे महिन्यात कुलूप लावून गावाला गेलेल्या नागपूरकराला घराबद्दल मोजक्याच गोष्टी कळायला हव्या असतात. लाइन गेली का, गच्चीवरची टाकी रिकामी झाली का, मागचं दार उघडलं का, फ्रीज चालू आहे का. होम असिस्टंटला, म्हणजे घरातली उपकरणं आणि सेन्सर एकत्र चालवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरला, हे सगळं ओळखता येतं. खरा घोळ होतो तो निरोप पोचवताना.

बरेच जण टेलिग्रामचा बॉट लावून मोकळे होतात, कारण तो दहा मिनिटांत चालू होतो. पण टेलिग्रामच्या बॉटशी होणारं संभाषण एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (फक्त दोन टोकांनाच वाचता येईल असं) नसतं. तिथलं सीक्रेट चॅट बॉटसाठी नाहीच. म्हणजे 'घरात कोणी नाही, अलार्म चालू' हे वाक्य दुसऱ्याच्या सर्व्हरवर वाचता येईल अशा रूपात पडून राहतं. होम असिस्टंटच्या ॲपची नेहमीची पुश सूचनासुद्धा गूगलच्या फायरबेस या सेवेमधून जाते. सिग्नल या मेसेजिंग ॲपवर मजकूर फक्त पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या यंत्रावर उघडतो. बदल्यात थोडी जास्त मेहनत लागते. ती मेहनत कुठे लागते, ते पुढे.

आधी नंबर ठरवा

स्वतःचाच सिग्नल नंबर 'लिंक्ड डिव्हाइस' म्हणून घराच्या डब्याला, म्हणजे होम असिस्टंट चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, जोडायचा, हा सगळ्यात सोपा वाटणारा मार्ग. क्यूआर कोड स्कॅन केला की काम झालं. पण मग डबा तुमच्या नावाने तुम्हालाच निरोप पाठवतो, तो 'नोट टू सेल्फ'मध्ये जाऊन बसतो आणि फोन वाजतच नाही. शिवाय तुमची सगळी खाजगी संभाषणंही त्या डब्यापर्यंत पोचतात. म्हणून घराला स्वतःचा वेगळा नंबर हवा.

जुनं सिम वापरता येतं, पण न वापरलेलं प्रीपेड सिम ९० दिवसांनंतर बंद होऊ शकतं आणि नंबर पुढे दुसऱ्याला मिळतो. त्यापेक्षा फायबर ब्रॉडबँडसोबत आलेला ०७१२चा लँडलाइन नंबर बघा. तो बहुतेक घरांत नुसता पडून असतो. सिग्नलला मोबाइलच हवा असं नाही. ज्यावर कॉल येऊन कोड ऐकता येतो तो कुठलाही नंबर चालतो. राउटरच्या फोन जॅकमध्ये साधा हँडसेट लावा आणि मोबाइलवरून रिंग देऊन तपासा. नंबर लिहिताना एसटीडीचा शून्य गाळायचा: अधिक चिन्ह, ९१, मग ७१२, मग सात आकडे. शून्य ठेवला तर नोंदणी 'अवैध नंबर' म्हणून परत येते.

ज्या नंबरावर आधीच कोणाच्या फोनवर सिग्नल चालू आहे तो इथे वापरू नका. नवी नोंदणी झाली की जुना फोन बाहेर फेकला जातो.

सामान

रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (हाच आपला डबा), ४ जीबी रॅमचा. २ जीबीवरही होम असिस्टंट चालतं, पण सिग्नलवर निरोप पाठवणारी सेवा (ती पुढे बसवू) जावा या प्रोग्रॅमवर चालते आणि तिला मोकळी रॅम लागते. सोबत ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला अडॅप्टर. मोबाइलचा चार्जर नको, व्होल्टेज पडलं की मेमरी कार्ड खराब होतं. कार्डाऐवजी छोटी एसएसडी लावली तर उत्तमच.

जागेचा विचार इथे इतर शहरांपेक्षा जास्त करावा लागतो. पायचा प्रोसेसर ८० अंशांना पोचला की आपला वेग कमी करतो. नवतपाच्या (मे अखेरच्या कडक उन्हाच्या) दिवसांत बंद खोलीत, पोटमाळ्यावर किंवा टीव्हीच्या बंद कपाटात तो तिथे सहज पोचतो आणि निरोप मिनिट-मिनिट उशिरा यायला लागतात. आतल्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, ॲल्युमिनियमच्या हीटसिंक केसमध्ये ठेवा. कूलरच्या झोतात ठेवण्याचा मोह होतो, पण ती हवा दमट असते आणि तिच्यातून पाण्याचे तुषारही येतात. तिथे नको.

तिसरी गोष्ट म्हणजे विजेचा बॅकअप. लाइन गेल्यावर डबा आणि फायबरचा राउटर दोन्ही बंद पडले तर 'लाइन गेली' हे सांगणार कोण? इन्व्हर्टर असेल तर दोन्ही त्याच्या सर्किटवर घ्या आणि इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, म्हणजे बदलताना झटका बसत नाही. नसेल तर डब्याला वेगळा यूपीएस लावा आणि राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या. राउटरच्या अडॅप्टरवर किती अँपिअर लिहिलंय ते आधी वाचा. १ अँपिअरचा यूपीएस २ अँपिअरच्या राउटरला लावला की लाइन जाताक्षणी राउटर रीस्टार्ट होतो आणि नेमका तोच निरोप अडकतो.

सेवा बसवणे आणि नंबर नोंदवणे

सिग्नलची होम ऑटोमेशनसाठी अशी अधिकृत सेवा नाही. वापरायचा तो 'सिग्नल सीएलआय रेस्ट एपीआय' हा मुक्त स्रोत प्रकल्प (एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला काम सांगण्याची सोय). होम असिस्टंटच्या सिग्नल मेसेंजर इंटिग्रेशनच्या (जोडणीच्या) पानावर त्याचा दुवा आहे, आणि होम असिस्टंट ऑपरेटिंग सिस्टिमवर तो ॲड-ऑन, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, म्हणूनही बसतो. नुसत्या गूगल शोधातून सापडलेलं अनोळखी ॲड-ऑन टाकू नका; ज्याच्या हातात घराचे निरोप द्यायचे ते कुठून आलं हे माहीत हवं.

१. ॲड-ऑन बसवा आणि मोड 'जेसन-आरपीसी' निवडा. 'नॉर्मल' मोडमध्ये प्रत्येक निरोपाला जावा नव्याने सुरू होतं आणि पायवर बरेच सेकंद जातात. शिवाय सिग्नलला येणारे संदेश नियमित उचललेले लागतात. जेसन-आरपीसीमध्ये ते आपोआप होतं.

२. नोंदणीसाठी कॅप्चा ('मी यंत्र नाही' हे सिद्ध करणारं कोडं) लागतो. सिग्नलच्या कॅप्चाच्या पानावर तो सोडवा, 'ओपन सिग्नल' या दुव्यावर राइट क्लिक करून पत्ता कॉपी करा. ती लांबलचक ओळ म्हणजे टोकन. ते लवकर शिळं होतं, म्हणून टर्मिनल (नोंदणीच्या आज्ञा टाइप करायची खिडकी) आधीच उघडं ठेवा, आणि कॅप्चा घरच्याच इंटरनेटवरून सोडवा, मोबाइल डेटावरून नको.

३. लँडलाइनला एसएमएस येत नाही, तरी पहिली विनंती एसएमएसचीच करावी लागते. ती करा, किमान ६० सेकंद थांबा, मग 'व्हॉइस'चा पर्याय 'ट्रू' ठेवून, म्हणजे कोड फोनवर मागून, दुसरी विनंती करा. कॅप्चा पुन्हा मागितला तर नवा सोडवा. फोन वाजेल आणि सहा आकडी कोड ऐकू येईल. कागद-पेन हाताशी ठेवा.

४. कोड टाकून पडताळणी पूर्ण करा आणि लगेच पिन लावून नोंदणी लॉक करा. उद्या ब्रॉडबँड बदललं आणि हा नंबर दुसऱ्याकडे गेला, तरी त्याला लगेच तुमच्या घराच्या नावाने निरोप पाठवता येऊ नयेत यासाठी. ही आड कायमची नाही. खातं सात दिवस निष्क्रिय राहिलं की लॉक सुटतं. नंबर सोडणार असाल तर आधी सिग्नलची नोंदणीच रद्द करा.

नोंदणी फसली तर लागोपाठ दहा वेळा बटण दाबू नका. सिग्नल तो नंबर काही काळ अडवून ठेवतं आणि मग खरोखरच वाट पाहावी लागते.

होम असिस्टंटला जोडणे

होम असिस्टंटच्या सेटिंग जिथे मजकुरात लिहिलेल्या असतात त्या कॉन्फिगरेशनच्या यामल फाइलमध्ये 'नोटिफाय'खाली एक नोंद येते: नाव, प्लॅटफॉर्म म्हणून सिग्नल मेसेंजर, एपीआयचा स्थानिक पत्ता ८०८० पोर्टसह, पाठवणारा नंबर आणि घेणाऱ्यांची यादी. नमुना इंटिग्रेशनच्या पानावरून जसाच्या तसा घ्या. चुका दोनच ठिकाणी होतात. एक, नंबर अवतरणचिन्हांत न ठेवणे. मग यामल त्याला आकडा समजतं आणि अधिक चिन्ह गळून जातं. दोन, ओळीपुढच्या रिकाम्या जागा, जिथे टॅब अजिबात चालत नाही. नंबर थेट न लिहिता गुप्त माहितीसाठीच्या वेगळ्या सिक्रेट्स फाइलमध्ये ठेवा, म्हणजे मदत मागताना कॉन्फिगरेशन कोणाला दाखवलं तरी घरच्यांचे नंबर जात नाहीत.

रीस्टार्ट करा, डेव्हलपर टूल्समधल्या ॲक्शन्समध्ये जाऊन 'चाचणी' एवढाच निरोप पाठवा.

आणि हे विसरू नका: त्या ८०८० पोर्टवर पासवर्ड नसतो. घरच्या वायफायवर असलेला कोणीही त्यावरून तुमच्या घराच्या नावाने संदेश पाठवू शकतो. पोर्ट राउटरवर बाहेर उघडायचा नाही, आणि पाहुणे, भाडेकरू, स्वस्त कॅमेरे हे सगळे गेस्ट वायफायवर.

घरच्यांचे फोन

पहिला निरोप 'मेसेज रिक्वेस्ट' म्हणून येतो. तो प्रत्येकाने स्वीकारला पाहिजे. आईच्या फोनवर हे तुम्हालाच करून द्यावं लागेल. सगळ्यांसाठी एक ग्रुप करायचा असेल तर तो एपीआयमधूनच, घराच्या नंबरावरून करा, म्हणजे त्या नंबराला ग्रुपमध्ये शिरण्यासाठी वेगळं आमंत्रण स्वीकारावं लागत नाही. ग्रुपचा लांब आयडी मग यादीत नंबराच्या जागी टाकायचा. ग्रुपवर संदेश आपोआप नाहीसे होण्याची मुदत एक आठवडा ठेवा. 'दार उघडलं, दार बंद झालं' यांचा वर्षभराचा इतिहास म्हणजे तुमच्या येण्या-जाण्याचं वेळापत्रकच.

सिग्नलच्या सूचनांच्या सेटिंगमध्ये 'फक्त नाव' निवडा. वाटेत कितीही कुलुपं लावली आणि मजकूर लॉक स्क्रीनवर झळकला, तर काय उपयोग? अँड्रॉइडवर सिग्नलची बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा; बऱ्याच फोनांत 'ऑटोस्टार्ट'ही वेगळं चालू करावं लागतं. रात्री निरोप आला नाही आणि सकाळी ॲप उघडताच सगळे एकदम आले, तर दोष इथेच आहे.

काय पाठवायचं, काय नाही

निरोप जितका कोरडा तितका बरा. 'मागचं दार, २:१४' पुरे. 'घर रिकामं असताना मागचं दार उघडलं, कॅमेरा बंद आहे' हे लिहू नका. तपशील हवा असेल तर टेलस्केलसारख्या व्हीपीएनवरून डॅशबोर्ड उघडावा. ब्रॉडबँडवर स्वतःचा सार्वजनिक आयपी नसला, जो बऱ्याचदा नसतो, तरी टेलस्केल चालतं. उलट दिशेने, म्हणजे चॅटवर 'दार उघड' लिहून कुलूप उघडण्याची सोय करू नका. हरवलेला एक फोन तेवढ्याने घराची किल्ली होतो.

ऑटोमेशनमध्ये प्रत्येक ट्रिगरला, म्हणजे निरोप सुरू करणाऱ्या घटनेला, थांबण्याची मुदत द्या. टाकीच्या फ्लोट स्विचला (पाण्याची पातळी सांगणाऱ्या तरंगत्या स्विचला) दोन मिनिटं, कारण पाणी हिंदकळताना तो टकटक चालू-बंद होतो आणि तासाभरात शेकडो निरोप जातात. मग सिग्नल तुमच्याकडून पुन्हा कॅप्चा मागतं, आणि तोवर सगळेच निरोप अडतात. 'अनअव्हेलेबल' (उपकरण संपर्कात नाही) वरून परत आलेली स्थिती ट्रिगरमधून वगळा, नाहीतर दर रीस्टार्टला दार उघडल्याची बोंब होते.

लाइन गेल्याचं ओळखायला इन्व्हर्टरवर नसलेल्या सॉकेटमध्ये दोन स्मार्ट प्लग लावा आणि दोन्ही तीन मिनिटं गायब असतील तरच निरोप पाठवा. एकच प्लग वायफायच्या लहरीनेही गायब होतो. प्लग झिग्बी या वायफायहून वेगळ्या वायरलेस पद्धतीचे असतील तर सावध: होम असिस्टंटमधली झिग्बीची जोडणी 'झेडएचए' मेन्सवरचं उपकरण गायब झालं हे मूळ सेटिंगमध्ये तब्बल दोन तासांनी मान्य करतं. ती मुदत कमी करा.

डबाच गप्प झाला तर

निरोप आला नाही याचे अर्थ दोन: घरी सगळं ठीक आहे, किंवा डबा मेला आहे. फरक कळण्यासाठी बाहेरून कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. हेल्थचेक्ससारख्या इंटरनेटवरच्या सेवेत एक चेक तयार करा, त्याचा पत्ता होम असिस्टंटच्या रेस्ट कमांडमध्ये (वेब पत्त्याला हाक मारण्याच्या सोयीत) टाका आणि दर पाच मिनिटांनी त्याला हाक मारा. वीस मिनिटं हाक गेली नाही की ती सेवा तुम्हाला मेल करते. तिला घराबद्दल काहीच कळत नाही, फक्त हाक येते की नाही एवढंच. आमच्या मते ही पायरी सिग्नलइतकीच महत्त्वाची, आणि लोक हीच गाळतात.

तसंच, सिग्नल हा एकमेव मार्ग ठेवू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने मेसेजिंग ॲप्सना नोंदणीच्या सिमशी सतत जोडलेलं राहण्याचा आणि वेब सेशन सहा तासांत बंद करण्याचा आदेश दिला. नंबरावर बेतलेल्या सेवेला असे धक्के बसू शकतात. गॅस, धूर आणि दार या तिघांसाठी होम असिस्टंटच्या ॲपवरही 'घरातून सूचना, ॲप उघडा' एवढंच पाठवा. मजकूर नसल्यामुळे तो कुठून जातो याची चिंता नाही. गॅस आणि धुराला घरात वाजणारा सायरन मात्र हवाच. शेजारी फोनपेक्षा लवकर पोचतात.

देखभाल

सिग्नलची अधिकृत ॲप्स साधारण तीन महिन्यांत कालबाह्य होतात आणि सर्व्हर बदलत राहतो, त्यामुळे ॲड-ऑनचं अपडेट लांबवू नका. एके दिवशी कुठलीही त्रुटी न दाखवता निरोप थांबले तर पहिली शंका जुन्या आवृत्तीवर घ्या. बॅकअपमध्ये घराच्या सिग्नल खात्याच्या चाव्याही जातात. होम असिस्टंट २०२५.१पासून स्वयंचलित बॅकअप एन्क्रिप्ट करतं. त्याची इमर्जन्सी किट (बॅकअप उघडायची चावी असलेली फाइल) छापून कपाटात ठेवा, त्याच डब्यात नको.

घरातल्या कोणी फोन बदलला की त्याचा सेफ्टी नंबर (दोघांमधली ओळख पटवणारे साठ आकडे) बदलू शकतो, आणि मग सेवा 'अविश्वसनीय ओळख' म्हणून त्याला निरोप पाठवायला नकार देते. ट्रस्ट मोड 'ऑलवेज' करून, म्हणजे प्रत्येक नवी ओळख न तपासता मान्य करून टाकण्याचा सल्ला मिळेल. तो घेऊ नका. त्या व्यक्तीला फोन करून खात्री करा, साठ आकडे जुळवा आणि तेवढी एक ओळख मंजूर करा. फोन बदलला नसून हरवला असेल, तर आधी तो नंबर ग्रुपमधून काढा, मग बाकीचं.