एआय वापरताय? मग या चुका टाळा, आणि दळण घरचंच न्या

आमच्या सोसायटीत मागच्या वर्षी एक भांडण झालं, आणि ते एआयमुळे झालं असं सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. कळव्याला आमची बिल्डिंग, जुनी, चार मजली, लिफ्ट नाही, आणि मी खजिनदार. एका फ्लॅटचे मालक पुण्याला राहतात, फ्लॅट भाड्याने दिलाय, तर त्यांच्याकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाहीत म्हणून सोसायटी घेते ते जादा पैसे, किती घ्यायचे हा विषय मीटिंगला निघाला. सेक्रेटरी काकांनी मोबाईल काढला, चॅटजीपीटीला विचारलं आणि सगळ्यांसमोर वाचूनच दाखवलं, की २५ टक्के घेता येतात, आणि वर उपविधीचा, म्हणजे सोसायटीच्या नियमाचा, नंबर पण. नंबर ऐकला की माणूस गप्प होतो ना, तसे सगळे गप्प झाले. मी घरी येऊन कपाटातली उपविधींची पुस्तिका काढली तर त्या नंबरावर भलतंच काहीतरी होतं, आणि हे चार्जेस महाराष्ट्रात सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर घेताच येत नाहीत, हे २००१ पासून सरकारी आदेशात आहे. तोपर्यंत बिल गेलेलं, मालकांचा फोन येऊन गेलेला, पुढचं राहू द्या.

काका मला म्हणाले, "अरे पण त्याला काय पडलंय खोटं बोलायला?" प्रश्न अगदी बरोबर आहे. आणि याचं उत्तर एकदा कळलं ना की निम्म्या चुका आपोआप बंद होतात.

ते खोटं बोलत नाही, ते पुढचा शब्द शोधतं

मी तुम्हाला म्हटलं "अति तिथे" तर तुम्ही पटकन "माती" म्हणणार. पुस्तक उघडायला जाणार नाही, कारण हजार वेळा ऐकलंय. चॅटजीपीटीसारखा चॅटबॉट हेच करतो, फक्त त्याने अवाढव्य मजकूर वाचलाय, त्यामुळे कुठल्याही वाक्यापुढे काय शोभेल ते त्याला जमतं. शोभेल हं, खरं असेल असं नाही. उपविधीबद्दल विचारलं की उत्तरात एक नंबर असतो एवढं त्याला कळलेलं असतं, मग तो नंबरासारखा दिसणारा नंबर देतो. आणि बरोबर असो की चूक, सूर एकच, अगदी ठाम. आपण माणसाच्या सुरावरून ओळखतो ना हा फेकतोय की काय, ती सोय इथे नाही.

आमचे काका तर साधे सेक्रेटरी, २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले जुने निकाल कोर्टात सादर केले, ते खटले कधी झालेच नव्हते. कोर्टाने ५,००० डॉलर दंड लावला.

म्हणून मी आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना एकच सांगतो, याला पिठाची गिरणी समजा. आपले गहू घेऊन गेलात तर आपलंच पीठ मिळतं, बारीक जाड हवं तसं. रिकामा डबा घेऊन गेलात आणि "तुमच्याकडचंच काहीतरी द्या" म्हणालात तर डब्यात काय येईल सांगता येत नाही. मी नंतर त्याच पुस्तिकेच्या पानाचा फोटो काढून टाकला आणि लिहिलं, "फक्त या पानावरून सांग, किती टक्के, आणि ते कुठल्या ओळीत आहे ते दाखव." बरोबर १० आलं, ओळीसकट. तीच गिरणी, दळण फक्त आपलं होतं. अर्थात यात पण कधीतरी चुकतं, पण ओळ समोर असली की पडताळायला मिनिट लागत नाही.

बरं, एआय म्हणजे फक्त चॅटबॉट नाही

ही पण एक चूकच, लोक म्हणतात आम्ही नाही बाबा एआय वापरत. घोडबंदर रोडला ट्रॅफिक आहे, ४० मिनिटं लागतील, असं मॅप सांगतो ते काय असतं? लोकांचे फोन किती वेगाने सरकतायत त्यावरून बांधलेला अंदाज. जीमेलमध्ये लॉटरीचे मेल परस्पर स्पॅममध्ये जातात, भलत्या वेळी भलतीकडे कार्ड वापरलं की बँकेचा मेसेज येतो, कीबोर्डवरचा माईक दाबून मराठीत बोललं की टाईप होतं, गुगल लेन्सने तमिळ पाटी वाचता येते. सगळं त्यातलंच. नाव पण नवीन नाही, १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात या विषयावर शास्त्रज्ञ जमले होते तेव्हापासूनचं आहे. नवीन काय, तर ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि ही गोष्ट तुमच्या आमच्या भाषेत बोलायला लागली. घोळ तिथूनच सुरू झाला, कारण जे बोलतं त्याला आपण माणूस समजतो.

ट्रेनचा टाइम याला विचारू नका

हे मी स्वतः केलंय त्यामुळे हक्काने सांगतो. सानपाड्याला काम होतं, रविवार होता, चॅटबॉटला विचारलं ठाण्याहून वाशीची ट्रेन किती वाजता. त्याने मस्त मिनिटासकट टाइम दिला, मी धावत पळत १० नंबर प्लॅटफॉर्मवर पोचलो, तर त्या टाइमला ट्रेनच नाही, आणि इंडिकेटरवर पुढची वीस मिनिटांनी. लोकलच्या वेळा दाखवणारं एम-इंडिकेटर अ‍ॅप फोनमध्ये असताना हा शहाणपणा करायची काय गरज होती असं बायको म्हणाली, आणि बरोबरच म्हणाली.

कारण असं, की मॉडेलचं, म्हणजे चॅटबॉटच्या मागे जी यंत्रणा असते तिचं, शिक्षण एका तारखेला थांबतं. त्यानंतरचं त्याला आपोआप कळत नाही. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, विमानं २५ डिसेंबरपासून उडायला लागली, पण त्याआधी शिकलेल्या मॉडेलला नुसतं विचारलं तर ते छातीठोकपणे सांगू शकतं की काम चालू आहे. बेलापूर ते पेंधर मेट्रोचंही तेच, ती नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली. आता बऱ्याच अ‍ॅपमध्ये नेटवर शोधायची सोय आहे, पण शोधलंय की नाही ते बघा, उत्तराखाली लिंक आल्यात का, आणि आल्या असतील तर एक तरी उघडा. लिंक आहे म्हणजे त्यात ते लिहिलेलं आहेच असं नसतं.

"अर्ज लिहून दे" एवढंच लिहिलं तर

तर काय येणार, "महोदय, मी आपणांस सविनय विनंती करू इच्छितो की", आणि मध्येच "कृपया ध्यान द्या" असली हिंदी. लोक म्हणतात याला मराठी येत नाही. येतं, पण तुम्ही काहीच सांगितलं नाही तर ते सरकारी नाही तर भाषांतरातलं मराठी काढतं, कारण त्याच्या वाचनात इंग्रजी डोंगराएवढं आणि मराठी त्यामानाने कमी.

वहिनींना मुलाच्या शाळेत सुट्टीसाठी अर्ज द्यायचा होता, तीनदा करून वैतागल्या. मग मी लिहायला लावलं, मुलगा सहावीत, गावी आजोबांचं वर्षश्राद्ध आहे, तीन दिवस सुट्टी हवी, वर्गशिक्षिका ओळखीच्या आहेत, सहा ओळींत, साधं मराठी, आणि आधीचा एक अर्ज नमुना म्हणून चिकटवला. पहिल्याच फटक्यात जमला. कोण, कोणाला, कशासाठी, किती मोठं, आणि एक नमुना, एवढं सांगितलं की पुरतं. नमुना तर हमखास लागू पडतो.

आणि एकाच चॅटमध्ये सकाळचा अर्ज, दुपारी डोशाचं पीठ आणि रात्री इन्कम टॅक्स असं करू नका. चॅट लांबलं की आधीचं विसरतं किंवा तिकडचं इकडे घुसवतं. अडकलं की भांडत बसायचं नाही, नवीन चॅट उघडायचं, निम्मे प्रॉब्लेम तिथेच सुटतात.

ते तुमच्या हो ला हो करतं

हा प्रयोग घरी करून बघा, मजा येते. आमच्याकडे घर बदलायची चर्चा चालू होती, मी विचारलं "घोडबंदरला फ्लॅट घेणं जास्त चांगलं ना?" हो म्हणालं, पाच कारणं दिली. बायकोने तिच्या फोनवर विचारलं "ऐरोलीला घेणं जास्त चांगलं ना?" तिला पण हो, तिला पण पाच कारणं. रात्रभर आम्ही दोघं आपापला फोन दाखवत होतो. याचं कारण लोकांना आवडेल अशी उत्तरं देण्याकडे ते शिकताना झुकतं, आणि हे बनवणाऱ्या कंपनीलाही कळतं, एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय या चॅटजीपीटीच्या कंपनीने त्याचा एक अपडेट अतीच लाडीगोडी करतो म्हणून मागे घेतला होता. तेव्हा प्रश्नात "ना" घालायचा नाही. दोन्ही बाजू मांड म्हणायचं, किंवा सरळ, माझं कुठे चुकतंय ते सांग. आणि "नक्की का?" असं विचारून खात्री होत नाही, बरोबर उत्तर पण ते माफी मागून बदलू शकतं.

आधार, रिपोर्ट आणि पासबुक

नेरूळच्या मावशीने ब्लड रिपोर्टचा फोटो अख्खा टाकला, नाव, वय, मोबाईल नंबर सगळं वर दिसतंय. रिपोर्ट समजून घ्यायला एआय छान आहे, शब्दांचा अर्थ सांगतं, डॉक्टरला काय विचारायचं याची यादी करून देतं, पण वरचा भाग कापून टाका ना. गोळी चालू की बंद हे मात्र डॉक्टरलाच विचारा. ऑफिसच्या फाईलींचं पण तसंच, २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकला आणि मग कंपनीने असल्या टूल्सवर बंदीच घातली. सेटिंग्जमध्ये डेटा कंट्रोल्स म्हणून असतं, तिथे आपलं बोलणं मॉडेल शिकवायला वापरू नका असं करता येतं, ते आजच करून टाका. ओटीपी, पिन, आधार नंबर कधीच टाकायचे नाहीत. आणि कुठेही आधारची कॉपी मागितली तर मास्क्ड आधार काढता येतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

दुसऱ्या बाजूने पण सावध राहा. थोडंसं रेकॉर्डिंग मिळालं तरी आवाजाची नक्कल करता येते आता, "काका, मी अडकलोय, पैसे पाठवा" असा पुतण्याच्या आवाजात फोन आला तर कट करून त्याच्या नेहमीच्या नंबरवर फोन लावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, जितका उशीर तितकी परत मिळायची शक्यता कमी.

मुलांच्या बाबतीत एक

क्लासमधले सर एआय ओळखणाऱ्या वेबसाइटवर निबंध टाकतात आणि पोराला कॉपी केली म्हणून ओरडतात. त्या वेबसाइटवर भरवसा ठेवू नका, ओपनएआयने स्वतःच असं टूल काढलं होतं आणि ओळखायला नीट जमत नाही म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. पोराला समोर बसवून दोन प्रश्न विचारा, लगेच कळतं कोणी लिहिलंय.

हिशोब

शेवटी माझ्या खात्याचं. मी १६ फ्लॅटचं मेंटेनन्स, कोणाची मागची बाकी, कोणाचं व्याज, असं सगळं मजकुरातच टाकून बेरीज विचारली होती, उत्तर ९०० रुपयांनी चुकलं. परत विचारलं तर तिसराच आकडा. शब्दांचा अंदाज बांधणारं यंत्र आकड्यांचा पण अंदाजच बांधत होतं. काही अ‍ॅप आता मागे प्रोग्रॅम चालवून हिशोब करतात, तेव्हा बरोबर येतं, पण आपल्याला बाहेरून पटकन कळत नाही कधी केलं आणि कधी नाही. मी आता त्याला फक्त एक्सेलचा फॉर्म्युला विचारतो, बाकीवर व्याज कसं लावायचं वगैरे, ते फार सुंदर सांगतं, आणि बेरीज एक्सेल करतं. सेक्रेटरी काका त्यानंतर पण वहीत पेनाने सगळं परत एकदा करतात, आणि मी त्यांना काही बोलत नाही.