पिचिंग ढासळली, आता प्लेऑफचं काय? वाद घालण्याआधी करायचा हिशेब

१२ जून २०२५ चा सामना संपला तेव्हा न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाचे ४५ विजय आणि २४ पराभव होते. त्या दिवशी मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, याहून सरस कामगिरी कुणाचीच नव्हती. पण त्याच सामन्यात त्यांचा पिचर (चेंडू टाकणारा) कोदाई सेंगा पहिल्या बेसवर उंच आलेला थ्रो घ्यायला उडी मारून खाली आला आणि मांडीचा मागचा स्नायू दुखावून बाहेर गेला. तेव्हा त्याचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे (एका पूर्ण सामन्यामागे) दिलेल्या रनची सरासरी, १.४७ होता; हा आकडा जितका कमी तितका पिचर चांगला. उरलेल्या ९३ सामन्यांत मेट्स ३८ जिंकले, ५५ हरले आणि प्लेऑफला, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांना, मुकले.

असा हंगाम चालू असताना चाहत्यांचे तीन गट पडतात. पिचिंग कोचला घालवा म्हणणारे, नशीब खराब आहे म्हणणारे आणि सगळं संपलं म्हणणारे. तिघांपैकी बरोबर कोण, हे कागद-पेन घेऊन बरंचसं ठरवता येतं. फक्त हिशेबाचा क्रम चुकवायचा नाही.

आधी इनिंग मोजा, ईआरए नंतर

बहुतेक जण ईआरएपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. पिचिंग बिघडायला लागते ती आधी इनिंगच्या रकान्यात दिसते. संघात २६ खेळाडू असतात आणि त्यात जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात. पाच स्टार्टर (आळीपाळीने सामना सुरू करणारे पिचर; त्यांची ही फेरी म्हणजे रोटेशन) धरले तर बुलपेनमध्ये, म्हणजे नंतर उतरणाऱ्या रिलीव्हरच्या ताफ्यात, उरले आठ.

आता पाच दिवसांची एक फेरी घ्या. पाच सामने म्हणजे ४५ इनिंग. प्रत्येक स्टार्टरने सव्वापाच-साडेपाच इनिंग टाकल्या, तर बुलपेनच्या वाट्याला साधारण १८ येतात. आठ जणांत त्या आरामात बसतात. तेच स्टार्टर चार-चार इनिंगमध्येच बाहेर जाऊ लागले, तर बुलपेनला २५ टाकाव्या लागतात. म्हणजे पाच दिवसांत जवळजवळ सात इनिंगचा जास्तीचा भार. पहिला आठवडा निभावतो. दुसऱ्या आठवड्यात चांगला रिलीव्हर सलग तिसऱ्या दिवशी उतरतो, तिसऱ्या आठवड्यात त्याचा स्लायडर (वळणारा चेंडू) बॅटरसमोर प्लेटच्या मधोमध लटकायला लागतो. लोक मग क्लोजरला, म्हणजे शेवटची इनिंग टाकणाऱ्या रिलीव्हरला, शिव्या घालतात. खरं दुखणं मात्र तीन आठवड्यांपूर्वी चौथ्या इनिंगमध्ये सुरू झालेलं असतं.

म्हणून प्रत्येक स्टार्टरच्या शेवटच्या पाच सामन्यांतल्या इनिंग एका ओळीत लिहा. बॉक्स स्कोअरमध्ये (सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्यात) ५.१ म्हणजे पाच इनिंग आणि एक आऊट, ५.२ म्हणजे पाच इनिंग आणि दोन आऊट. दशांश समजून बेरीज केली तर आकडा चुकतो, आऊट मोजून तीनने भागा. पाचपैकी तीन स्टार्टरची सरासरी पाच इनिंगच्या खाली असेल तर रोटेशन आजारी आहे, ईआरए काहीही सांगो.

मेट्सचं हेच झालं. सेंगानंतर दोनच आठवड्यांत ग्रिफिन कॅनिंगच्या टाचेची शीर तुटली, टायलर मेगिलचं कोपर गेलं, शॉन मनाया जुलैच्या मध्यापर्यंत परतलाच नव्हता. दीडशे इनिंगच्या पलीकडे दोघेच गेले: डेव्हिड पीटरसन आणि क्ले होम्स. त्यातला होम्स आदल्या वर्षापर्यंत रिलीव्हर होता. पीटरसन उत्तरार्धात पार थकला. तरीही खेळाडूंच्या अदलाबदलीच्या ३१ जुलैच्या मुदतीपर्यंत मेट्सने रायन हेल्सली, टायलर रॉजर्स आणि ग्रेगरी सोटो असे तीन रिलीव्हर आणले, स्टार्टर एकही नाही. आमच्या मते ती चूक सगळ्यात महाग पडली. टाकी गळत असताना नवे नळ बसवून भागत नाही.

मग नशीब आणि हात वेगळे करा

ईआरए म्हणजे पिचरच्या खात्यावरचे रन गुणिले ९, भागिले इनिंग. त्यात मागच्या फिल्डरांची ढिलाई, दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून गेलेले मरतुकडे फटके आणि नंतर आलेल्या रिलीव्हरने आत येऊ दिलेले रनरही मिसळलेले असतात. पिचरच्या स्वतःच्या हातात खऱ्या अर्थाने तीनच गोष्टी: स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद), वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर बॅटर फुकट पहिल्या बेसवर) आणि होम रन (थेट मैदानाबाहेर गेलेला फटका). त्यावर बेतलेला आकडा म्हणजे एफआयपी. घरी काढता येतो. होम रन गुणिले १३, त्यात वॉक आणि अंगाला चेंडू लागून गेलेले बॅटर मिळून गुणिले ३ मिळवा, स्ट्राइकआऊट गुणिले २ वजा करा, इनिंगने भागा, शेवटी ३.१० मिळवा. हा शेवटचा आकडा वर्षागणिक थोडा हलतो, पण वादापुरता ३.१० चालतो.

दोन काल्पनिक पिचर घेऊ. दोघांच्या ६० इनिंग, दोघांनी ३४ रन दिले, म्हणजे दोघांचा ईआरए ५.१०. पहिल्याचे होम रन ६, वॉक १५, अंगावर २, स्ट्राइकआऊट ६६. ७८ अधिक ५१, वजा १३२, म्हणजे उणे ३. भागिले ६०, अधिक ३.१०. उत्तर ३.०५. दुसऱ्याचे होम रन १२, वॉक ३०, अंगावर २, स्ट्राइकआऊट ४५. १५६ अधिक ९६, वजा ९०, म्हणजे १६२. भागिले ६०, अधिक ३.१०. उत्तर ५.८०. पहिल्याला रोटेशनमधून काढणं म्हणजे हातातला चांगला माणूस घालवणं. दुसऱ्याला अजून चार संधी देणं म्हणजे चार सामने देऊन टाकणं. ईआरए दोघांचा एकच होता.

पडताळणीसाठी आणखी एक आकडा बघा. होम रन सोडून मैदानात पडलेल्या चेंडूंवर किती हिट बसले, त्याचं प्रमाण. लीगभर ते .२९० ते .३०० च्या आसपास राहतं. एखाद्याचं .३५० च्या वर असेल तर आधी शॉर्टस्टॉप आणि सेंटर फिल्डर या क्षेत्ररक्षकांकडे बघा, मग पिचरकडे. अर्थात प्रत्येक फटका भिंतीला जाऊन आदळत असेल तर त्याला नशीब म्हणू नका. बेसबॉल सॅव्हंट या आकडेवारीच्या संकेतस्थळावर फटक्यांचा वेग मिळतो. ताशी ९५ मैलांच्या वरचे फटके किती, हे बघितलं की शंका मिटते.

इथे एक सावधगिरी हवीच. रिलीव्हरचे आकडे फार थोड्या इनिंगचे असतात. हेल्सलीचा मेट्सकडचा ईआरए ७.२० होता, पण तो जेमतेम २० इनिंगचा. अशा वेळी एका भयंकर संध्याकाळचे चार रन ईआरएत जवळजवळ दोनाची भर घालतात. उलटही खरं आहे: नवखा स्टार्टर नोलन मॅकलीन ऑगस्टच्या मध्यावर आला आणि आठ सामन्यांत २.०६ चा ईआरए ठेवून गेला. त्यावरून त्याला पुढच्या दहा वर्षांचा आधारस्तंभ ठरवायची घाई नको, मात्र त्याला आधी का आणला नाही हा प्रश्न विचारायला तेवढे सामने पुरतात.

हात थकला हे डोळ्यांनी कसं ओळखायचं

आकडे न उघडता सामन्यातच बघण्यासारख्या काही खुणा आहेत. फास्टबॉलचा वेग इतरांशी ताडू नका, त्या पिचरच्या स्वतःच्या एप्रिलमधल्या वेगाशी ताडा. लीगची सरासरी ताशी ९४ मैलांच्या जवळ आहे, पण ९१ वर जगणारे पिचरही असतात. स्वतःच्या वेगातून दीड-दोन मैल गेले आणि दोन सामने परत आले नाहीत, तर खांदा किंवा कोपर कुरकुरतंय असं समजा. दुसरी खूण कॅचरच्या (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) ग्लोव्हची. ग्लोव्ह बाहेरच्या कोपऱ्यात, गुडघ्याच्या उंचीवर स्थिर धरलेला असतो आणि चेंडू सारखा छातीच्या रेषेत येतो, तेव्हा पिचरचा हात शरीराच्या मागे पडतोय. पुढचा पाय टेकला तरी हात वर पोचत नाही, म्हणून चेंडू लवकर सुटतो आणि वर राहतो.

तिसरी खूण बॅटरची तिसरी पाळी. तेच नऊ बॅटर तिसऱ्यांदा समोर येतात तेव्हा जवळजवळ प्रत्येक स्टार्टर महाग पडतो, कारण त्यांनी त्याचे सगळे चेंडू बघून झालेले असतात. पाचव्या इनिंगपर्यंत एकही रन नाही आणि सहाव्यात चार, असं वारंवार होत असेल तर दोष मॅनेजरच्या फोनचा आहे, बुलपेनला तो उशिरा जातो.

आता प्लेऑफचं गणित

मेजर लीगचे दोन भाग आहेत, नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग. २०२२ पासून प्रत्येक लीगमधून सहा संघ पुढे जातात: तीन डिव्हिजन (गट) विजेते आणि तीन वाइल्ड कार्ड, म्हणजे उरलेल्यांतले सर्वांत सरस तीन संघ. शेवटच्या वाइल्ड कार्डला किती विजय पुरले ते पाठ करून ठेवा. नॅशनल लीगमध्ये २०२२ ला ८७, २०२३ ला ८४, २०२४ ला ८९, २०२५ ला ८३. अमेरिकन लीगमध्ये त्याच क्रमाने ८६, ८९, ८६, ८७. म्हणून ८७ चं लक्ष्य धरा, आणि सुरक्षित वाटायचं असेल तर ८९.

लक्ष्यातून आजचे विजय वजा करा, उरलेल्या सामन्यांनी भागा. १२ जूनचे मेट्स घ्या. ८९ साठी ४४ विजय हवे होते, सामने उरले होते ९३. म्हणजे .४७३, निम्म्याहूनही कमी. प्रत्यक्षात ८४ पुरले असते, त्यासाठी ९३ पैकी फक्त ३९ हवे होते. मिळाले ३८. ‘एवढी मोठी आघाडी कोण घालवतं’ असं जूनमध्ये म्हणणाऱ्याला हा भागाकार दाखवा. ‘सगळं संपलं’ म्हणणाऱ्याला डेट्रॉइट टायगर्स दाखवा: १० ऑगस्ट २०२४ ला ५५-६३ (विजय-पराभव), फॅनग्राफ्स या संकेतस्थळाच्या अंदाजात प्लेऑफची शक्यता ०.२ टक्के, म्हणजे हजारात दोन. उरलेल्या ४४ पैकी त्यांनी ३१ जिंकले आणि ८६ वर आत गेले.

गुणतक्त्यात विजयांपेक्षा पराभवांचा रकाना आधी वाचा. कमी सामने खेळलेला संघ विजय नंतरही मिळवू शकतो, झालेला पराभव मात्र पुसता येत नाही.

आणि बरोबरी विसरू नका. पूर्वी बरोबरी झाली की १६३ वा सामना व्हायचा. २०२२ पासून तो बंद झाला, आता आपसातल्या सामन्यांत कोण पुढे हे आधी बघतात. २०२५ ला सिनसिनाटी रेड्स आणि मेट्स दोघेही ८३-७९ वर थांबले. आपसातल्या सहापैकी चार रेड्सने जिंकले होते, ते आत गेले. शेवटच्या दिवशी, २८ सप्टेंबरला, रेड्स हरले होते. मेट्सला मायामीत मार्लिन्सविरुद्ध एक सामना जिंकायचा होता, ते ०-४ ने हरले. २००७ आणि २००८ मध्येही शेवटच्या दिवशी मेट्सना बाहेर काढणारा संघ मार्लिन्सच होता, तेव्हाही पिचिंगच अपुरी पडली होती. तेव्हा मे महिन्यातला मंगळवारचा सामनाही जपून बघा. वाइल्ड कार्डच्या शर्यतीतल्या संघाविरुद्धचा असेल तर त्याचं मोल जवळजवळ दुप्पट असतं.

फुटकी पिचिंग घेऊन ऑक्टोबर काढता येतो का?

येतो, आणि हेच पटवणं सगळ्यात अवघड जातं. १६२ सामन्यांना तेरा बरे पिचर लागतात. वाइल्ड कार्ड फेरी तीन सामन्यांची, पुढची पाचाची, मग दोन सातांच्या. मध्ये सुट्ट्या असतात. त्यामुळे तिथे चार-पाच खणखणीत हात पुरतात.

२०१९ च्या वॉशिंग्टन नॅशनल्सच्या बुलपेनचा ईआरए साडेपाचच्या वर होता आणि २३ मे च्या रात्री संघ १९-३१ वर होता. ऑक्टोबरमध्ये मॅनेजर डेव्ह मार्टिनेझने त्या बुलपेनला शक्य तितकं बसवूनच ठेवलं. वाइल्ड कार्डच्या (तेव्हा एकाच) सामन्यात स्टार्टर शेर्झरच्या पाच इनिंगनंतर दुसरा स्टार्टर स्ट्रासबर्गने तीन टाकल्या, वर्ल्ड सिरीजच्या (अंतिम फेरीच्या) सातव्या सामन्यात पॅट्रिक कॉर्बिन, हाही स्टार्टरच, तीन इनिंग रिलीव्हर म्हणून टाकून गेला. २०२४ च्या टायगर्सकडे भरवशाचा स्टार्टर एकच, तारिक स्कूबल. ह्यूस्टनमधल्या वाइल्ड कार्ड फेरीचा पहिला सामना त्याने काढला, दुसरा बुलपेनने तुकड्यातुकड्यांनी. त्याच वर्षी डॉजर्सने सॅन दिएगोत आठ पिचर लावून ८-० ने सामना मारला. आणि वर्ल्ड सिरीजची शेवटची इनिंग टाकली त्यांच्याच वॉकर ब्यूलरने, ज्याचा हंगामातला ईआरए ५.३८ होता.

तेव्हा सप्टेंबरमध्ये दोन वेगळ्या याद्या करा. एक, आत पोचायला लागणाऱ्या इनिंग कोण टाकणार याची. दुसरी, पोचल्यावर पहिले तीन सामने कोण टाकणार याची. दुसऱ्या यादीत नाव लिहिताना एक नियम लक्षात ठेवा: ३१ ऑगस्टपर्यंत जो त्या संघाच्या व्यवस्थेत आला, मग तो मायनर लीगमध्ये का असेना, त्याचाच विचार होतो. सप्टेंबरमध्ये बाहेरून उचललेला पिचर पहिल्या यादीत मदत करेल, दुसऱ्या यादीत त्याला जागा नाही.