पंगतीच्या आठ टेबलांवर बॅले

परभणीत मी बॅले शिकवते म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘म्हंजे ते पांढऱ्या फ्रॉकवालं का?’ घराणं तेच. पण गेल्या उन्हाळ्यात क्लासच्या नऊ पोरींकडून मी जे बसवून घेतलं, त्यात ना फ्रॉक होता ना परी. मंगल कार्यालयातली पंगतीची आठ टेबलं होती. गॅदरिंगला तीच ती रिमिक्स बसवून कंटाळलेल्यांसाठी, ते कसं केलं हे लिहिते.

कल्पना माझी नाही. नृत्यदिग्दर्शक विल्यम फोर्साइथ १९८४ ते २००४ जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या बॅले कंपनीचे प्रमुख होते. २००० साली त्यांनी तिथल्या जुन्या ट्राम डेपोत ‘वन फ्लॅट थिंग, रीप्रोड्यूस्ड’ केलं. वीस टेबलं, आणि त्यांच्या वरून, खालून, मधून सुसाट जाणारे नर्तक. कॅप्टन स्कॉट यांच्या दक्षिण ध्रुवावरच्या मोहिमेवरून ते सुचलं होतं. मी मे महिन्यात पोरींना बर्फाचं सांगितलं, तर एकजण म्हणाली, ‘मॅडम, आधी कूलरमध्ये पाणी टाका.’ ते नृत्य जसंच्या तसं उचलायचं नाही, आपल्याला झेपणारही नाही. घ्यायची ती काम करायची रीत.

सुरुवात मात्र जुन्याच बॅलेनं. रोज वीस मिनिटं खिडकीचे गज धरून प्लिए (गुडघे वाकवणं), तांद्यू (पाय ताणून जमिनीवरून पुढं सरकवणं). पाठ ताठ, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत. पोरी कुरकुरतात, कुरकुरू द्या. तोल कुठं असतो हे अंगाला कळलं तरच तो मुद्दाम ढळवता येतो, नाहीतर ते नुसतं पडणं होतं. बोटांच्या टोकावर उभं राहायच्या कडक पॉइंट शूजचा विषय काढूच नका, कापडी मऊ बूट पुरतात.

आता टेबलं. कार्यालयातली घडीची टेबलं बघायला दणकट, पण आडवा धक्का बसला की पाय मिटतो. म्हणून प्रत्येकाची कडी तारेनं पक्की बांधा आणि पायांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घाला, म्हणजे फरशीवर सरकत नाहीत. सनमायकाच्या निघालेल्या कडा टेपनं गुंडाळा. मग आधी स्वतः वर बसून हलून बघा. माझं वजन ७२ किलो, मी पास तर पोरी पास. टेबलावर उडी कुणीच मारायची नाही. बसणं, लोळणं, पालथं घसरणं एवढंच. दोन टेबलांत दीड फूट फट ठेवा. त्याहून जास्त ठेवली की गंमत जाते, पोरी आरामात चालायला लागतात.

हालचाली सुचवायला एक खेळ आहे. हवेत रेघ कल्पायची आणि अंगानं तिच्याशी वागायचं, हे फोर्साइथ यांच्याकडचं. मी त्याचं केलं कपडे वाळत घालायची दोरी. छातीएवढ्या उंचीवर दोरी बांधलीय समजा. तिच्याखालून जा, पण डोकं आधी नाही, खांदा आधी. आता ती कोपरानं वर ढकला. आता ती टेबलाच्या कडेला बांधा, हात न लावता. अर्ध्या तासात एकेकीकडं चार-पाच तुकडे जमतात. त्यांना नंबर द्या आणि वहीत लिहून ठेवा, उद्या कुणालाच आठवत नाहीत.

खरं काम पुढं आहे. या नृत्यात ‘फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट’ असं मोजून निघणं नाही. संगीत वाजत राहतं, पण पोरींनी निघायचं ते एकमेकींकडं बघून. नाटकवाले देतात-घेतात तसाच क्यू, म्हणजे निघायची खूण, फक्त शब्दाऐवजी अंगाची. दोनशे पानी वहीत तीन रकाने आखा: कोण देणार, काय दिसल्यावर, कोण घेणार. ‘उंच पोरीचा डावा कोपर दोन नंबरच्या टेबलाला टेकला की खिडकीकडच्या दोघी खालून निघणार.’ असे आमचे एकेचाळीस क्यू झाले. पहिला आठवडा नुसता गोंधळ. कार्यालयाचे वॉचमन मामा दारात उभे राहून म्हणाले, ‘मॅडम, पोरी नाचायल्यात का टेबलं पुसायल्यात?’

माझी चूक सांगते. सगळ्यात हुशार पोरीवर मी सहा क्यू टाकले होते. कार्यक्रमाला चार दिवस राहिले आणि तिला गालगुंड झालं. तालमीत तिची जागा आली आणि बाकीच्या आठजणी वाढप्याची वाट बघत बसल्यासारख्या टेबलांना टेकून थांबल्या. त्या रात्री चौथा रकाना आखला: राखीव. ती दिसली नाही तर कुणाकडं बघायचं. आणि एकेकीकडं पाचच्या वर क्यू नाहीत. पोर हुशार असली तरी नाहीत.

वेळ नऊ मिनिटं ठेवा, जास्त झालं की आज्या घड्याळ बघतात. प्रेक्षकांना समोर एका रांगेत बसवू नका. तीन बाजूंनी बसवा, जमल्यास काहींना गॅलरीत, कारण कोण कुणाला क्यू देतंय ते वरून जास्त दिसतं. आमच्याकडं गॅलरीत केटररची पोरं बसली होती. संपल्यावर त्यांनीच सांगितलं की तिसऱ्या टेबलापाशी एक पोरगी उशिरा निघाली. बरोबर होतं ते.

टेबलं परत करताना तारा आणि टेप काढून द्या. दुसऱ्या दिवशी तिथं लग्न असतं आणि राहिल्या तर अनामत रकमेतून पैसे कापतात.