लिनिअर मोटर निवडताना आणि बसवताना

यंत्राचे टेबल सरकवणारी सर्व्हो मोटर, कपलिंग, बॉलस्क्रू (फिरून नटाला सरळ रेषेत पुढे नेणारा स्क्रू) आणि नट ही साखळी काढून टाकून मोटरच टेबलाला थेट जोडली, की ती डायरेक्ट-ड्राइव्ह लिनिअर मोटर होते. गोल मोटर एका बाजूने चिरून सपाट उलगडली, असे समजावे. गुंडाळ्यांचा भाग, ज्याला फोर्सर म्हणतात, टेबलाखाली येतो आणि चुंबक खालच्या पट्टीवर उत्तर-दक्षिण असे आलटून-पालटून बसतात. तिन्ही फेजमधून क्रमाने प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र फोर्सरच्या लांबीवर सरकते आणि ते पट्टीतील चुंबकांशी जखडलेले असल्यामुळे फोर्सर त्याच वेगाने पट्टीवरून ओढला जातो.

निवड करताना आधी पूर्ण आवर्तन कागदावर मांडावे. समजा, २० किलोचे टेबल ०.३ सेकंदात २०० मिलिमीटर सरकवून ०.१ सेकंद थांबवायचे आहे आणि घर्षण २० न्यूटन आहे. पहिल्या ०.१ सेकंदात सेकंदाला १ मीटर वेग गाठायला २२० न्यूटन, पुढचे ०.१ सेकंद तो टिकवायला २० न्यूटन आणि शेवटी वेग उतरवताना, घर्षणाचीच मदत होत असल्यामुळे, १८० न्यूटन लागतात. (एका फेऱ्यात १० मिलिमीटर पुढे नेणाऱ्या बॉलस्क्रूला या वेगासाठी मिनिटाला ६,००० फेरे घ्यावे लागले असते.) कॅटलॉगमधील कमाल बल पाहून भुलू नये, बल प्रवाहाच्या प्रमाणात वाढते, पण गुंडाळीतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून दुप्पट बलाला चौपट उष्णता मोजावी लागते. त्यामुळे विश्रांतीसह संपूर्ण आवर्तनाचे वर्गमध्यमूळ (RMS) बल, म्हणजे बलांच्या वर्गांच्या वेळेनुसार सरासरीचे वर्गमूळ, काढावे. येथे ते सुमारे १४२ न्यूटन येते, आणि मोटरचे सतत बल, म्हणजे न तापता अखंड देता येणारे बल, त्याहून पुरेसे जास्त हवे.

लोखंडी गाभ्याचा फोर्सर जोर जास्त देतो. मात्र तो स्वतःच्या सतत बलाच्या कित्येक पट ओढीने पट्टीकडे खेचला जातो आणि चुंबकांवरून जाताना हलके हिसके देतो. मशीन टूलला (धातू कापणाऱ्या यंत्राला) हे चालते, कारण तिथे टेबल ज्यांवरून सरकते ते गाइड दणकट असतात. मोजमापाच्या यंत्रात बिनगाभ्याचा फोर्सर घ्यावा.

हेच तत्त्व रुळांवरही चालते. शांघायच्या मॅग्लेव्हमध्ये, म्हणजे चुंबकीय बलावर तरंगणाऱ्या गाडीत, गुंडाळ्या गाडीत नसून मार्गात आहेत, तर व्हँकुव्हरच्या स्कायट्रेन या शहरी रेल्वेच्या एक्स्पो आणि मिलेनियम मार्गांवर रुळांमधल्या पट्टीवर चुंबकच नाहीत. तिथली मोटर इंडक्शन पद्धतीची आहे, म्हणजे गुंडाळ्यांचे सरकते क्षेत्र पट्टीतच प्रवाह निर्माण करते.

बसवताना चुंबकपट्टीवरचे संरक्षक आवरण शेवटपर्यंत काढू नये, ॲलन की चुंबकाला न चिकटणाऱ्या धातूची वापरावी आणि पेसमेकर असलेल्या व्यक्तीला जवळ येऊ देऊ नये. लोखंडी कीस उडत असेल तर बेलोज (घड्यांची संरक्षक आवरणे) हवेतच. लिनिअर एन्कोडर, म्हणजे टेबलाची जागा मोजणारे उपकरण, कामाच्या बिंदूच्या जितका जवळ बसेल तितका बरा, कारण चूक सुधारायला आता दुसरे काही नाही. उभ्या अक्षाला प्रतिभार आणि ब्रेक दोन्ही द्यावेत. वीज गेली की या मोटरला धरून ठेवणारे काहीच उरत नाही आणि टेबल सरळ खाली येते.