हेड उतरवण्याआधी हीटर प्लग तपासा

जुन्या टाटा-मर्सिडीज ट्रकच्या नादाला लागलेल्यांसाठी लिहितोय. पाना-पक्कड चालवता येते असं धरून चालतो.

मी हे काम कळंबोलीत, स्टील मार्केटजवळच्या एका भाड्याच्या शेडमध्ये शिकलो. पहिला ट्रक टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि डायम्लर-बेंझचा करार होता त्या, म्हणजे १९५४ ते १९६९च्या काळातला. इंजिन ओएम ३१२, सहा सिलिंडर, ४.६ लिटर. सकाळी सेल्फ मारला की नुसता पांढरा धूर. कसंबसं एकदा चालू झालं की मग दिवसभर तक्रार नाही. मिस्त्री म्हणाले, "कॉम्प्रेशन गेलंय, बोअर करून घे." म्हणजे सिलिंडरमध्ये हवा पुरेशी दाबली जात नाही, सिलिंडर आतून घासून घे. मी ऐकलं. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं, सिलिंडरांचा ब्लॉक तळोज्याला पाठवला, पिस्टन-रिंगांसाठी भिवंडी-कुर्ला पालथं घातलं. आठ महिने आणि साठवलेले सगळे पैसे गेले. इंजिन जोडून सेल्फ मारला, तर तोच पांढरा धूर.

बिघडला होता फक्त एक हीटर प्लग.

हे नीट समजून घ्या. या इंजिनात डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात फवारलं जातं. थंड कप्पा हवेतली उष्णता शोषून घेतो, डिझेल पेटत नाही, म्हणून कप्पा आधी तापवायला हे विजेवर तापणारे हीटर प्लग लागतात. ते दोन टोकांचे, एकापुढे एक साखळीत जोडलेले असतात. एकाची तार तुटली की सहाही थंड. पुढे आलेल्या टाटा ६९७ इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर पडतं, तिथे हे प्लगच नाहीत. त्यावर हात बसलेल्या मिस्त्रीच्या ते डोक्यात येत नाही, यात त्याचा दोष नाही.

तपासायला मीटर पुरतो. करंट सोडा आणि एकेका प्लगच्या दोन टोकांमधला व्होल्टेज बघा. सगळे धड असतील तर प्रत्येकावर थोडा थोडा दिसेल. एकावरच बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज आणि बाकीच्यांवर शून्य, तर तोच तुटला. तुटलेल्याला तारेने वळसा घालून काम भागवू नका. उरलेल्या पाचांवर जास्त व्होल्टेज येतो आणि तेही जळतात. हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरणं किंवा इंजिन चालू करायचा ईथरचा स्प्रे मारणं तर मी माझ्या शेडमध्ये कुणालाच करू देत नाही. तापलेल्या प्लगवर ईथर गेला तर पिस्टन फुटतो.

घाबरून मात्र जाऊ नका. हे इंजिन दणकट आहे. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, धूर येत नसेल आणि तेल खात नसेल, तर आतलं बहुधा शाबूत असतं. माझंही होतं. गेज लावून कॉम्प्रेशन मोजायला अर्धा दिवस लागतो, तो मी दिला नाही याची अजून टोचणी लागते. आणि गुरू करायचाच तर या गाड्या थंडीत घाटाखाली उभ्या करून पहाटे चालू केलेला म्हातारा ड्रायव्हर गाठा.

कागदपत्रांचं आधीच बघा. २०२१च्या नियमांतली विंटेज नोंदणी ५० वर्षांहून जुन्या दुचाकींना आणि खासगी वापराच्या चारचाकींनाच मिळते, मालवाहू ट्रकला नाही. मला हे रंगकाम झाल्यावर कळलं. ट्रक आता शेडच्या आवारातच चालवतो, दर रविवारी, प्लग पूर्ण तापू देऊन.